‘मले’चं ‘मला’ होणार नाही

नवरा गेल्यावर वर्षभर मी एक ओळ लिहिली नाही. मग एका दुपारी त्याच्या मोबाइलवर मेसेज आला, ‘आपल्या रिचार्जची वैधता आज संपत आहे.’ मी स्वयंपाकघरात एकटीच खो-खो हसले आणि हसता हसता खाली बसले. त्या दुपारी पहिली कविता झाली. पुढच्या दोन वर्षांत साठेक झाल्या. त्याच्या घोरण्यावर, त्याच्या जंगलखात्याच्या फाटक्या रेनकोटावर, दवाखान्यातल्या त्याच्या शेवटच्या भांडणावर.

माझा हा सहावा संग्रह. आधीचे पाच मी पुस्तकी मराठीत लिहिले. गोंडपिपरीच्या शाळेत तीस वर्षं तीच तर शिकवली. या वेळी मात्र हातून ‘मले’, ‘तुले’च उतरत गेलं. आम्ही दोघं घरात तसंच बोलायचो.

माझी आधीची पुस्तकं काढणाऱ्या पुण्याच्या संपादकांचा फोन आला. “मॅडम, कविता सुरेख आहेत. फक्त ‘मले’चं ‘मला’ करू. आणि विनोद जरा कमी. विधवेचं दुःख त्यानं उथळ वाटतं.”

माझं डोकं तडकलं. “साहेब, दुःख माझं आहे ना? मग त्यात हसायचं कुठी, ते मीच ठरवीन. एक अक्षर बदलणार नाई.”

“मग आम्हाला जमणार नाही.”

“नका जमवू,” म्हणून मी फोन ठेवला. बाहत्तराव्या वर्षी मला दुसरं कोण छापणार होतं?

चंद्रपुरात लग्नपत्रिका छापणारे एक म्हातारे मुस्लिम गृहस्थ होते, त्यांच्याकडे वही घेऊन गेले. आठवड्यानं प्रुफं पाहायला गेले, तर ते म्हणाले, “बाई, ते घोरण्याची कविता घरी नेली होती. वाचून हसलो. तं सून विचारते, अब्बा, रडून काऊन राह्यले?” त्यांची बायको मागच्या साली गेली होती. त्यांनी एकच चूक दाखवली. एका ठिकाणी मी सवयीनं ‘मला’ लिहिलं होतं.

प्रकाशन सावली गावच्या वाचनालयात झालं. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सल्ला दिला, “बाईंनी या वयात भक्तिपर लिहावं. नवऱ्याची थट्टा शोभत नाही.” माझी पाळी यायची होती. मी उठले, माइक घेतला आणि वाचलं:

फोटोत कसा गुमान बसला तू,
जित्तेपणी पाच मिनिटं असा बसला असता
त मी किती बोलली असती.

मागच्या रांगेतून एका बाईचं हसू फुटलं, आणि सगळं सभागृह हसलं. मी पुढच्या चार कविता वाचल्या. पाहुणे घड्याळ बघत होते. बघू दिलं.

कार्यक्रम संपल्यावर ती मागची बाई जवळ आली. पुस्तक पदराखाली धरलेलं. “माह्या माणसाले जाऊन सात वर्षं झाले. त्याच्यावर हसलं तं चालते ना, बाई?”

“चालते,” मी म्हटलं आणि शेजारची खुर्ची ओढली.

ती बसली. त्याचे एकेक किस्से सांगू लागली. शिपाई खुर्च्या उचलत आमच्यापर्यंत आला, तरी आम्ही दोघी उठलो नाही.