पंचमीचा ड्रॅगन

लेकीचा वाढदिवस यंदा नेमका नागपंचमीला आला आणि तिला पाहिजे होता ड्रॅगन. मी पोत्यात भाताचा पेंढा कोंबून लांबलचक ड्रॅगन शिवला, भोरहून आणलेल्या हिरव्या रंगाने रंगवला, पोटात चॉकलेटं भरली. पोरांनी आधी त्याची शेपूट पकडायची, मग काठ्यांनी बडवून चॉकलेटं लुटायची, असे खेळ ठरवले होते.

कसले खेळ नि कसलं काय! वारूळ पुजून आलेल्या सासूबाईंना तो पडवीत वेटोळं घालून बसलेला दिसला.

"आगं, आज नागाला मारत्यात व्हय?"

एवढं बोलून त्यांनी त्याला हळद-कुंकू लावलं, लाह्या वाहिल्या आणि उघड्या तोंडात तांब्याभर दूध ओतलं. मागोमाग आळीतल्या बायाही दूध घेऊन आल्या. मी कपाळाला हात लावला.

संध्याकाळी पोरं जमली तेव्हा ओला पेंढा आंबून असा वास मारत होता की मी नाकाला पदर लावला. कच्चा हिरवा रंग फरशीवर ओघळला होता, त्यावर माश्या घोंगावत होत्या. काठीला कुणी हात लावला नाही. सासूबाईंनी ड्रॅगनच्या घशात कोपरापर्यंत हात घालून चिकट चॉकलेटं काढली आणि पोरांनी ती प्रसाद म्हणून चाटूनपुसून खाल्ली. शी!

सगळे गेल्यावर संतापून मीच काठी उचलली. दोन रट्टे घालून ही घाण उकिरड्यावर टाकणार होते. सगळा रंग वाहून गेला होता, त्याच्या कपाळावरचं कुंकू तेवढं जागच्या जागी होतं.

मी काठी खाली ठेवली आणि पायातल्या चपला काढल्या.