टायलरची उत्तरं

मेमरी क्लिनिकमध्ये शेजारच्या बाईंनी गुडघ्याला मलम चोळलं, आणि त्या उग्र वासासरशी मी थेट आमच्या जुन्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन पोचलो.

तेव्हा मी कॅनडात, हॅलिफॅक्सला युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा डॉक्टर होतो; हातात चेंडू घेऊन, अंगावर धावून जात खेळतात तो तिकडचा फुटबॉल. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळे डाव चालवणारा टायलर सगळ्या गावाचा लाडका. त्या शनिवारी समोरच्या टीमच्या दोघांनी त्याला असं आपटलं की पडल्यावरही त्याचा एक हात ताठ, हवेत तसाच राहिला. त्याला बाजूला आणून मी टॉर्च काढला. डोक्याला मार लागला की मी कायम तेच प्रश्न विचारायचो: आपण कुठे आहोत, वार कोणता, मॅचचा कितवा भाग चालू आहे, महिने उलटे म्हणून दाखव. त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आतच तो हसत म्हणाला, "हॅलिफॅक्स. सॅटर्डे. थर्ड क्वार्टर. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..."

एकही चूक नाही. हे पाठ केलेलं आहे हे मला कळलं. पण मागे हजारो लोक त्याच्या नावाने ओरडत होते. मी होकारार्थी मान हलवली आणि त्याला परत खेळायला सोडलं.

आम्ही जिंकलो. तासाभराने अंघोळ करून, ओल्या केसांनी तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "डॉक, मॅच कधी सुरू होणार?"

आता त्या मैदानाला त्याचं नाव आहे. ते नाव कोणाचं, हे त्याला सांगावं लागतं.

नर्सने मला आत बोलावलं. माझं गाडीचं लायसन्स या तपासणीवर अवलंबून होतं. खुर्चीत टेकता टेकताच मी म्हणालो, "हॅलिफॅक्स. सॅटर्डे. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..."

तिने फाईलमधून मान वर केली.

"डॉक्टर, मी अजून काही विचारलंच नाही. आणि आज मंगळवार आहे."