चारुदत्तचं एक सरळ मत

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये बास्केटबॉलबद्दल काहीच मत नसलेली माणसं पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांचा अनुशेष चारुदत्त नाडकर्णी एकटा भरून काढतो. गाडीचे ब्रेक दाबल्यावर किंचाळू नयेत, हे बघणं त्याचं काम. दिवसभर ऑफिसात आवाज कमी करत बसायचं आणि घरी आल्यावर ती सगळी कसर भरून काढायची, असा त्याचा दिनक्रम.

मूळचा तो सांगलीचा. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या संघात चार वर्षं होता, त्यातला बराचसा काळ बाकावर. याचं त्याला जराही वाईट वाटत नाही. खेळ दिसतो तो बाकावरच्यालाच, बाकीचे नुसते पळत असतात, असं त्याचं ठाम म्हणणं आहे.

अमेरिकेतले सामने तिथं संध्याकाळी, म्हणजे इथं लोक गाढ झोपेत असताना होतात. चारुदत्त ते रविवारी सकाळी रेकॉर्डिंग लावून बघतो. निकाल कुणी सांगू नये म्हणून फोन बंद करून तव्याखालच्या खणात ठेवतो. मग पोह्यांबरोबर मतं सुरू होतात. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगवर त्याचा राग आहे. तिथं तळाला राहणाऱ्या संघाला पुढच्या वर्षीचे चांगले खेळाडू उचलायची जास्त संधी मिळते, म्हणजे नापास होण्याबद्दल बक्षीस. त्यापेक्षा जर्मन लीग बरी. तळाला गेलात की खालच्या वर्गात जाऊन बसा, गेनाऊ, अगदी सांगलीसारखं. पण जीव होता तो अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर. "व्यावसायिक खेळाडू हरला की बसमध्ये जाऊन बसतो," तो म्हणायचा. "कॉलेजातलं पोरगं हरलं की रडतं. बघावा तर रडणाऱ्यांचा खेळ."

एप्रिलमध्ये हे मत एका रात्रीत फिरलं. कारण ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजनं त्याच्या मुलीला, मुक्ताला, शिष्यवृत्ती देऊ केली. शिका आणि आमच्या संघाकडून खेळा. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. नाही म्हटलं तर इथंच टेक्निकल युनिव्हर्सिटी होती, ती खेळत होती तो क्लब होता आणि घर होतं.

"कॉलेज बास्केटबॉल आता पूर्वीचं राहिलं नाही," चारुदत्त जेवताना म्हणाला. "पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात. भाडेकरू बरे."

"गेल्या महिन्यात तेच बघताना डोळे पुसत होतास," विभावरी म्हणाली. ती त्याची बायको, संशोधन संस्थेत काम करणारी. पुराव्याशिवाय बोलायची तिला सवय नाही.

बुधवारी मुक्तानं त्याला सरळच विचारलं, "बाबा, तुझं मत काय? जाऊ का?"

ज्याच्याकडे पंचांच्या शिट्टीपासून प्रेक्षकांच्या टाळ्यांपर्यंत सगळ्यावर मत होतं, त्या माणसाची इथं पंचाईत झाली. त्यानं तासभर दोन्ही बाजू मांडल्या. तिथले प्रशिक्षक कसे, इथले कसे, तिथल्या घड्याळाला सेकंद किती, इथल्याला किती. मुक्तानं सगळं ऐकून घेतलं. "आल्झो, बाबा, दास इस्ट काइने आंटवोर्ट," ती म्हणाली. "हे उत्तर नाहीये." आणि खोलीत निघून गेली.

त्या रात्री त्याला स्वतःचीच लाज वाटली. उत्तर त्याला माहीत होतं. मुलीनं जावं, हे त्याला कळत होतं. तिनं जाऊ नये, असं त्याला वाटत होतं. तोंडातून यातलं काहीच बाहेर पडत नव्हतं.

त्यात आणखी एक गोम होती. ऑक्टोबरपासून मुक्तानं त्याला आपल्या सामन्याला यायची बंदी घातली होती. एकदा तो प्रेक्षकांतून "मुक्ता, डावीकडे, डावीकडे" असा इतका वेळ ओरडत राहिला, की शेवटी पंचानंच डावीकडे वळून बघितलं. तेव्हापासून तो मुक्ताला हॉलवर सोडायचा आणि सामना संपेपर्यंत बाहेर गाडीत बसायचा.

शनिवारी हंगामातला शेवटचा घरचा सामना होता, हॅनोवरच्या संघाशी. जर्मन क्लबात एक रीत असते. मैदानाच्या कडेच्या टेबलावर बसून गुण लिहायचे, घड्याळं चालवायची, हे काम क्लबातलेच लोक आणि आईबाप आळीपाळीनं करतात. त्याला कॅम्फगेरिश्ट म्हणतात. तिथं बसणाऱ्यानं टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, आपल्या पोरीकडे बघून हसायचंसुद्धा नाही. चारुदत्तनं जानेवारीतच त्याचं ऑनलाइन प्रशिक्षण घेऊन ठेवलं होतं, चुकून कधी नंबर लागलाच तर म्हणून. त्या दिवशी एक आई आजारी पडली आणि नंबर लागला.

"टेबलावर तू?" मुक्तानं विचारलं. थोडा विचार करून म्हणाली, "ओके. तिथं बोलता येत नाही."

त्याच्याकडे चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं. बॉल हातात आल्यापासून तेवढ्या वेळात संघानं बास्केटवर फेकायचा. चेंडू रिंगला लागून पुन्हा त्यांच्याच हातात आला, तर बटण दाबून नव्यानं चौदा सेकंद द्यायचे. शेजारी गुण लिहायला पेन्शनीत निघालेले हेर ब्रांडेस, म्हणजे ब्रांडेससाहेब, होते. चारुदत्त ओठ मिटून बसला. पहिली दहा मिनिटं त्याचा घसाच दुखला.

मग हळूहळू त्याला पोरगी दिसायला लागली. तो ओरडायचा तेव्हा त्याला फक्त तिच्या चुका दिसायच्या. आता दिसलं, की डावीकडे ती मुद्दाम जात नाही. डावीकडे एक बुटकी, घाबरलेली मुलगी खेळत होती आणि मुक्ता तिच्यासाठी जागा मोकळी ठेवत होती. हे त्याला सांगलीच्या बाकावरूनही कधी दिसलं नव्हतं.

तिसऱ्या सत्रात चेंडू रिंगला लागून उडाला आणि मुक्तानं तो उंच उडी मारून पकडला. चारुदत्त बघतच राहिला. बटण दाबायचं राहून गेलं. घड्याळ शून्यावर गेलं आणि भोंगा वाजला, अख्खा हॉल दणाणून गेला.

सगळ्या मुली थांबल्या. मुक्ताच्या संघातल्यासुद्धा. मुक्ता थांबली नाही. चेंडू रिंगला लागलाय, वेळ आपल्याला परत मिळालाय, भोंगा चुकीचा आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. टेबलाकडे न बघता ती दोन पावलं आत गेली आणि चेंडू बास्केटमध्ये टाकला. पंचानं गुण दिले. चुकीच्या भोंग्याकडे लक्ष द्यायचं नसतं, असा नियमच आहे.

"हेर नाडकर्णी," ब्रांडेस हळूच म्हणाले, "बटण."

चारुदत्तचे कान लाल झाले, पण आतून त्याला इतका आनंद झाला की काय करावं कळेना. बापाच्या हातून एवढा मोठा चुकीचा आवाज झाला आणि पोरगी त्याला फसली नाही. सामना क्लबनं जिंकला. कितीनं, हे त्याला आजही सांगता येत नाही.

गाडीत बसल्यावर मुक्ता बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "बाबा, तो भोंगा."

"माझी चूक," तो म्हणाला. गाडी त्यानं सुरू केली नाही. "मुक्ता, तू ओहायोला जावंस. हे माझं मत. तू गेलीस की मला फार जड जाईल, म्हणून मी दोन आठवडे कॉलेज बास्केटबॉलला नावं ठेवतोय. त्या बिचाऱ्या खेळाचा काही दोष नाही."

तिनं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. मग मराठीतच म्हणाली, "तू नको म्हणाला असतास ना, तर मी राहिले असते. माझं ठरलं होतं तसं."

आपला एक शब्द इतका चालतो, हे चारुदत्तला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नाही तर इतके शब्द त्यानं कशाला वाया घालवले असते? तिच्या घामेजल्या डोक्यावर त्यानं हात ठेवला.

"आईला फोन लाव," तो म्हणाला. "आधी तिला सांगू."