मातीला घातलेली पांढरी दोरी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. घरात नाही, ज्या वाचनालयात माझी सव्वीस वर्षं गेली तिथे तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो आहे. की ओळखत नाही म्हणूनच धीर होतो आहे? असेल.

आधी व्यंकटदादांबद्दल सांगू द्या. त्यांच्याबद्दल लिहायला लागलं की हात थांबत नाही, आणि माझ्याबद्दल आलं की थांबतो.

निलंग्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. गावात पूर-अपघाताच्या वेळी धावून जाणारं आमचं एक स्वयंसेवक पथक आहे, ते दादांनी उभं केलं. पगार नाही, मानधन नाही. निळा शर्ट, निळी टोपी, कमरेला पट्टा, आणि डाव्या खांद्यावरून खिशातल्या शिट्टीपर्यंत जाणारी दोरी. सगळ्यांची दोरी निळी. पुराच्या पाण्यात उतरून ज्यानं माणूस बाहेर काढलं, त्याची तेवढी पांढरी. ती दादा स्वतःच्या हातानं बांधायचे, झेंडावंदनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर.

पांढऱ्या दोरीचे आम्ही तिघंच होतो. दादा, मारुती आणि मी.

मी पाण्यात उतरलो नव्हतो.

लिहिलं. आता बाकीचं.

आठ वर्षांपूर्वी मांजरेला पूर आला, तेव्हा नदीकाठच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या छपरावर, एक म्हातारी अडकली होती. मारुती वरच्या अंगाला पाण्यात उतरून दुसऱ्या माणसांना काढत होता, बाकीचे काठावरून त्याला मदत करत होते. खाली दादा आणि मी, ट्रॅक्टरची ट्यूब, एक दोर. दोघांनी उतरायचं ठरलं होतं. मला पोहता येत होतं — विहिरीतलं. समोरचं पाणी विहिरीतलं नव्हतं. त्यातून एक अख्खं बाभळीचं झाड मुळांसकट वाहत गेलं आणि मी खाली बसलो. म्हणालो, पायात गोळा आला.

गोळा आला नव्हता. पाय माझे ठणठणीत होते.

दादांनी माझ्या पायाकडे पाहिलंच नाही. तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सर, तुम्ही दोर धरा." आणि एकटे उतरले. अर्ध्या तासानं म्हातारीला ट्यूबवर घालून आले तेव्हा त्यांच्या पोटरीला काटेरी तार लागून मांस उघडं पडलं होतं. मी दोर धरला होता, हे खरं. तेवढंच खरं.

झेंडावंदनाच्या दिवशी त्यांनी मला पुढे बोलावलं आणि पांढरी दोरी बांधली. सगळ्यांना सांगितलं, सरांनी दोर सोडला नाही म्हणून मी परत आलो. दोर धरून मीही पाण्यात होतो, असंच सगळ्यांनी धरलं. मी काहीतरी बोलेन असं मला वाटलं होतं. टाळ्या वाजल्या. मी पेढा खाल्ला.

पुढच्या उन्हाळ्यात दर रविवारी ते मला बंधाऱ्यावर घेऊन गेले. वाहत्या पाण्यात कसं तिरकं जायचं, दम कुठे सोडायचा, सगळं शिकवलं. पन्नाशीला आलेल्या माणसाला कोण एवढा वेळ देतं? काठावर कपडे काढताना एकदाच म्हणाले, "सर, आज गोळा न्हाई ना?" आणि स्वतःच इतके हसले की मलाही हसू आलं. त्यानंतर तो विषय नाही. शेवटपर्यंत नाही. कुणाजवळही नाही. त्या गप्प राहण्याचे आभार मी कसे मानणार होतो? मानले नाहीत.

या वर्षी दादा गेले. मूत्रपिंडाचा आजार होता, लातूरच्या फेऱ्या चालू होत्या.

पथकातलं माणूस गेलं तर मातीला गणवेशात कसं जायचं, याचे नियम पथकाच्या वहीत आहेत. ते मीच लिहिले होते, दादांच्या सांगण्यावरून, सुवाच्य अक्षरात. टोपी डाव्या काखेत. शिट्टी वाजवायची नाही. सरणाजवळ जाण्याआधी पट्टा काढायचा. आणि शेवटची ओळ — तिरडीचा पुढचा खांदा पांढऱ्या दोरीच्या माणसांनी द्यायचा. ही ओळ दादांनी सांगितलेली नव्हती. मला ती शोभली, म्हणून मी घातली.

दादांना एकच लेक, सविता. एसटीत कंडक्टर आहे, आणि तीन वर्षांपासून पथकात. तिची दोरी निळी. त्या सकाळी ती गणवेशात अंगणात उभी होती. इस्त्री नव्हती, पण प्रत्येक बटण लावलेलं. तिनं देवणीहून आलेल्या चुलत्याला सांगितलं की पुढचा खांदा मी देणार.

कुजबुज झाली. चुलता वाईट माणूस नव्हता. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "आमच्यात पोरी खांदा देत न्हाईत, सर. पर ती वर्दीवर हाय. पथकाचं तुम्ही बगा. तुम्ही हाव म्हनलात तर आमचं काई म्हननं न्हाई."

सविता माझ्याकडे बघत होती. नजरेत विनंती नव्हती, खात्री होती. सर हो म्हणतील, याची.

काय करायचं होतं मला? बाजूला व्हायचं होतं. माझ्या जागी तिला उभं करायचं होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, सर, तुम्ही का सोडता? आणि मला वाटलं, माझ्या तोंडावर उत्तर दिसेल. दादांनी पाहिलं होतं तसं.

मी म्हणालो, "नियमात पुढचा खांदा पांढऱ्या दोरीचा आहे."

सविता टोपी डाव्या काखेत घेऊन मागे सरली — अगदी मी लिहिलं होतं तशी.

पुढे एका बाजूला मारुती, एका बाजूला मी. तिरडीचा बांबू नेमका दोरीच्या गाठीवर टेकला. स्मशानापर्यंत ती गाठ खांद्यात रुतत राहिली. घरी आंघोळ करताना तिथे लाल वण दिसला. चार दिवसांत गेला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो, तर सविता माझा पट्टा घेऊन उभी होती. सरणाजवळ काढून मी तिथेच विसरलो होतो. तिनं तो पुसून, गुंडाळून आणला होता. म्हणाली, "बाबा लई नाव घ्यायचे, सर, तुमचं. तुम्ही दोर धरला म्हणून आमच्या घरात माणूस परत आला म्हणायचे."

म्हणजे लेकीलाही त्यांनी तेवढंच सांगितलं होतं. एवढं मोठं मन मी पुस्तकांबाहेर दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते माझ्या वाट्याला आठ वर्षं आलं. बापलेकीचं मिळून आठ वर्षं आणि तीन दिवस. मी पट्टा घेतला आणि "येतो" म्हणालो.

वहीतली ती शेवटची ओळ मी खोडली आहे. दोरी शर्टावरून काढून पाकिटात घातली आहे. या मजकुराची एक प्रत आणि ते पाकीट उद्या निलंगा स्टँडवर, लातूरची गाडी सुटायच्या आधी, सविताच्या हातात देणार आहे. तिनं काय म्हणावं, हे मी मनात ठरवलेलं नाही.

दोरी काढल्यावर शर्टाकडे पाहिलं. आठ वर्षांच्या उन्हानं तो सगळा विटला आहे; डाव्या खांद्यावर दोरीखालची पट्टी तेवढी अजून नव्यासारखी निळी आहे. पुढचा खांदा सविताचा होता. तो मी घेतला.