संत्र्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं

अन्याय माझ्या मावशीवर झाला. संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी संपत आली होती, त्या शुक्रवारी सकाळी झाला. त्या सकाळी तिचं गाणं ट्रेंडिंगच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं आणि गाण्याखालची ओळ मी वाचली. संगीत अमुक, गायिका तमुक, गीत: पारंपरिक.

पारंपरिक! त्या वेळी मावशी नरखेड तालुक्यातल्या एका बागेत शिडीवर उभी राहून संत्री तोडत होती. चांगली धडधाकट. जिवंत बाईला पारंपरिक म्हणायची यांची हिंमत कशी होते?

गाणं तिनं तोडणीतच रचलं. ‘संत्रा ने रे गाडीवाल्या, सावली मले ठेव.’ ट्रक क्रेट भरून निघतो आणि बाई झाडाखाली उभी राहून त्याला बजावते, एवढंच गाणं. बाकीच्या तोडणीवाल्या मागून ओढायच्या. मग ते गावच्या बुद्ध विहारातल्या महिला मंडळात गेलं, लग्नाघरी गेलं. आमच्याकडं भीमगीत असो की हळदीचं गाणं, रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. मावशीच्या शेवटच्या कडव्यात ती टोपलं खाली ठेवते, गाव सांगते, बापाचं नाव सांगते आणि मग स्वतःचं. आम्हाला दुसरी सही ठाऊक नाही.

शहरात, गांधीबागेत, साड्यांच्या ठोक दुकानाच्या वर एक स्टुडिओ आहे. जिन्यात कापडाच्या गाठी, त्यांना घासत वर जायचं. गाणं रेकॉर्ड करायला गेलो तेव्हा तिथं मावशी पूर्ण गाणं म्हणाली. स्टुडिओवाला डोळे मिटून ऐकत होता. “आवाज जाडा आहे मावशी, पण चाल एक नंबर. सॅम्पल म्हणून ठेवतो, बघू.”

पुढं ते गाणं आलं ते एका पातळ आवाजात, बेंजो आणि ढोलाच्या बीटवर. गावरान पॉपचा नवा सिंगल म्हणे. शेवटचं कडवं नव्हतं. एफएमच्या काउंटडाउनमध्ये ते दर आठवड्याला वर चढायचं आणि शहरात हुडकेश्वरच्या आमच्या घरात रेडिओ लागला की मी तो बंद करायचे. शेजारपाजारचे नाचत होते. मला दिसत होतं की जितकी माणसं हे गाणं असं अर्धं पाठ करतील, तितकं मावशीचं कडवं खोटं ठरत जाईल.

तसंच झालं. त्याच आठवड्यात गावात एका हळदीला बायकांनी मावशीला गायला बसवलं. पहिल्याच ओळीला नवरीची मैत्रीण ओरडली, “मावशी, रीलवालं गाणं तुमाले बी पाठ झालं?”

“हो वं बाई,” मावशी म्हणाली, “मोबाईलनंच शिकवलं मले.”

सगळ्या हसल्या. ती गात राहिली. मोबाईलमधलं गाणं जिथं संपतं तिथं ढोलकीवाल्यानं समेवर थाप मारून ढोलकी खाली ठेवली. टाळ्या झाल्या. पुढच्या कडव्यासाठी मावशीनं श्वास घेतला होता. तो तसाच सोडला आणि पाणी मागितलं.

मी दुसऱ्या दिवशी तडक स्टुडिओत.

“ताई, लांब गाणं कोणी ऐकत नाही,” स्टुडिओवाला म्हणाला.

“म्हणून नेमकं नावाचंच कडवं कापलं?”

“शेवटूनच कापतात. मधातून कापलं तर चाल तुटते.”

“आणि खाली पारंपरिक काहून लिहिलं?”

“आता गाण्यात नावच नाही, तर लिहू कोणाचं?”

हे तो अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला. सॅम्पल डिलीट झालं, असंही म्हणाला. वर मलाच अट घातली. “ते कडवं म्हणणारी माणसं आणा. चार गावची आणा, घरची नको. त्यांना येत असेल तर नाव टाकतो.”

माणसं जमवायला आधी पूर्ण गाणं हाताशी हवं, म्हणून मी जिन्यातूनच मावशीला फोन लावला. ती बागेत होती, मागं पंपाचा आवाज येत होता.

“मावशी, गाणं म्हण. पूर्ण. मी रेकॉर्ड करून राहिली.”

“आता? क्रेट भरू दे ना वं.”

“आताच.”

ती म्हणाली. तोच जाडा आवाज. ट्रक, क्रेट, झाड, सावली. मी कापडाच्या गाठीला टेकून ऐकत होते. ढोलकीवाल्यानं थाप मारली होती त्या जागी ती आली. आणि थांबली.

“पुढं?”

“पुढं काय? झालं ना.”

पंप चालू होता.

“मावशी, तुझं कडवं.”

“अगं बाई,” ती म्हणाली. मग हळूच, एकेक शब्द चाचपत, तिनं टोपलं खाली ठेवलं, गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. स्वतःच्या नावाशी ती अडखळली, पण म्हणाली.

ते रेकॉर्डिंग माझ्याजवळ आहे. पण एकटीच्या फोनमध्ये राहून ते काय करणार? ज्या बाईनं गाणं रचलं तिच्याच तोंडून ते पुसलं जायला लागलंय, आणि यादीत ते अजून वरच आहे. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तिनंच बजावलं, “माह्यं नाव कागदावर नको लिहू, गाण्यात राहू दे.”

म्हणून तुम्हाला सांगते. हे गाणं तुमच्याही फोनमध्ये आहे, पुढच्या वरातीत वाजणारच आहे. मोबाईल जिथं थांबतो तिथं टाळी वाजवू नका. डीजेजवळ जा आणि विचारा, शेवटचं कडवं कुठं आहे? त्याच्याजवळ नसेल तर मावशीच्या गावच्या विहारात या, महिला मंडळात बसा, मावशीच्या तोंडून ते शिका आणि आपल्या गावात नावासकट गा. तोवर या गाण्यावर नाचू नका.