मॉनिटरच्या साहेबांना सांग

कुत्रं कितीही चावरं असो, मांजर कितीही फिस्कारत असो, आमचे जनावरांचे डॉक्टर त्याला बघता बघता टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायचे. "काय रे राजा, बरं नाही का तुला? जीभ दाखव बघू." आणि काय सांगू, जनावर जीभ दाखवायचं. घोडं पेंड खायचं ते जनावराला घेऊन आलेल्या माणसापाशी. माणूस समोर आला की डॉक्टरांच्या तोंडाला कुलूप. लग्नाच्या बोलणीतसुद्धा म्हणे ते मुलीकडच्या बोक्याशीच बोलत होते, आणि मुलीने त्या बोक्यालाच होकार कळवला.

तर दवाखान्यातही तेच. माणसाला जे सांगायचं, ते जनावराला सांगायचं. "मने, तुझ्या आईला सांग, दूध बंद." आई हातभर अंतरावर उभी. पण तीही मांजराकडे बघूनच विचारायची, "मने, विचार ना डॉक्टरांना, दही चालेल का?" मनी कुणालाच काही सांगायची नाही, तरी निरोप बिनचूक पोचायचे. लोक या रीतीला इतके सरावले की चष्म्याच्या दुकानवाल्याचा आणि त्याच्या बायकोचा अबोला झाला, तेव्हा ती दोघं आपलं ठणठणीत कासव घेऊन आली. टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहून त्याच्यामार्फत कडाकडा भांडली, आणि जाताना एकाच छत्रीतून गेली. कासवाने डोकं आत घेतलं होतं. डॉक्टरांनी त्याला टॉनिक दिलं.

मग समोरच्या फुटपाथला नवा दवाखाना उघडला. काचेचं दार, मऊ सोफा, कुत्र्याच्या वाढदिवसाला शुभेच्छा. डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, काउंटरवरून हे पाहिलं आणि नवऱ्याला ग्राहकसंबंधांच्या शिबिराला धाडलं. "शिका जरा. माणसं काय चावतात का?" डॉक्टरांच्या मते चावत होती, पण ते गेले. तिथे त्यांना शिकवलं की ग्राहकाच्या डोळ्यांत बघा, खुशाली विचारा, खांद्यावर हात ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. पोपटाची नखं कापायची होती, बस. डॉक्टरांनी पोपटाकडे पाहिलंच नाही. बाईंच्या डोळ्यांत बघून, घाम पुसत ते म्हणाले, "बसा. कशा आहात आपण?" आणि खांद्यावर हात ठेवला.

बाईंनी पिंजरा जवळ ओढला. इतक्या वर्षांत हा माणूस आपल्याशी बोलला नाही, आणि आज बोलतोय? "किती दिवस उरलेत त्याचे?" त्यांनी हुंदका देत विचारलं. पोपट पिंजऱ्यात पेरू खात होता. बातमी बाहेरच्या बाकावर गेली, की डॉक्टर माणसाशी बोलले, आणि रांगेतले लोक आपापली जनावरं छातीशी धरून समोरच्या दवाखान्यात पळाले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. डॉक्टरीणबाई संध्याकाळी शटर ओढताना म्हणाल्या, "तुम्ही आपले नकाच बोलू बाबा."

पळालेली रांग दोन दिवसांत परत आली, आणि डॉक्टरांना केवढं हायसं वाटलं. पण ते टिकलं नाही, कारण त्याच आठवड्यात हेडमास्तर मॉनिटरला घेऊन आले.

हेडमास्तर निवृत्त झाले होते, तरी अख्खं गाव त्यांना साहेब म्हणायचं. इस्त्रीचा सदरा, आवाजात छडी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ते आणि मॉनिटर नावाचा म्हातारा तपकिरी कुत्रा, एवढंच. मॉनिटरची मूत्रपिंडं पार कामातून गेली होती. डॉक्टरांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बराच वेळ कान चोळत बसले.

"राजा," ते म्हणाले, "तुझ्या साहेबांना सांग, आता औषध नाही. तुला फार दुखतंय. निजवलेलं बरं."

हेडमास्तरांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. लावलेलंच होतं ते. "मॉनिटर, विचार त्यांना, कळेल का रे तुला?"

"सांग साहेबांना, झोप लागेल. बस, झोप."

"बरं," हेडमास्तर कुत्र्याला म्हणाले. "बरं."

इंजेक्शन झालं. आणि मग पंचाईत अशी की टेबलावर ज्याच्यामार्फत बोलायचं तोच उरला नाही. डॉक्टरांच्या छातीत सांगण्यासारखं खूप काही दाटून आलं होतं, पण सांगायचं कुणाला? ते बेसिनपाशी गेले आणि हात धुऊ लागले. हेडमास्तरांनी मॉनिटरचा पट्टा सोडवून घेतला आणि ते निघून गेले. डॉक्टर तरी हात धूतच होते. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आपण माणूस म्हणून अगदी कुचकामी आहोत, असं त्यांनी घरच्या मांजराला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

महिनाभराने हेडमास्तर पुन्हा आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, हातात नुसता पट्टा. रांगेत बसले. नंबर आला तसे आत गेले आणि सवयीने पट्टा टेबलाच्या पायाला बांधून स्टुलावर बसले. मागे पोपटवाल्या बाई होत्या. दार उघडंच होतं.

डॉक्टरांनी टेबलाखाली पाहिलं, टेबलावर पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी बेसिनकडे पाहिलं. साबण तिथेच होता. डॉक्टरीणबाई काउंटरवरून बघत होत्या.

डॉक्टर उठले. हेडमास्तरांच्या समोर उकिडवे बसले, त्यांचा हात आपल्या हातात घेतला, आणि ज्या आवाजात आजवर फक्त जनावरांशी बोलले होते, त्याच आवाजात म्हणाले, "काय रे राजा, बरं नाही का तुला?"

त्या माणसाला 'अरे' म्हणणारं या जगात कुणी उरलं नव्हतं. हेडमास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"जेवत नाहीस ना?"

"नाही," हेडमास्तर म्हणाले.

"जीभ दाखव बघू."

हेडमास्तरांनी डोळे मिटले आणि जीभ दाखवली. डॉक्टरीणबाई ताट वाढायला मागच्या घरात गेल्या. पोपटवाल्या बाईंनी पिंजरा मांडीवर घेतला आणि बाकीच्यांना सांगितलं की आज वेळ लागेल.