रिकाम्या डिस्कवर जागा नाही!

माझी फजिती ऐकायची ना? मग आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल!

धानाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. कॉम्प्युटरवर लिनक्स सिस्टिम मी स्वतः टाकली. डिस्कची पार्टिशनं, म्हणजे वेगवेगळे तुकडे, तीही मीच पाडली: एक सिस्टिमला, भलंमोठं फायलींना आणि एवढंसं 'टेम्प', तात्पुरत्या कामाला. कोणी विचारो न विचारो, मी सांगायचोच!

त्या दिवशी शेजारच्या गावच्या इंदूमावशी लेकीला, निशाला, घेऊन आल्या. नर्सिंगचा प्रवेशअर्ज, मुदत पाचपर्यंत, आणि वाजले होते साडेचार. कागद स्कॅन करायला घेतले, तर पडद्यावर काय? जागा शिल्लक नाही!

अहो, अर्धी डिस्क रिकामी होती!

तरी म्हटलं, करू सफाई. सिनेमे उडवले. पुन्हा तेच. पुतण्याच्या बारशाचे फोटो उडवले. तेच! मंडईच्या जत्रेतल्या नाटकात मी राजा झालो होतो, शेवटी काळजावर दगड ठेवून ते आख्खं शूटिंग उडवलं. तरी तेच!

"भाऊ, माहं वर्ष वाया जाईन!" निशा रडकुंडीला आली.

मावशींनी विचारलं, "हे तुकडे काऊन पाडले होते तुमी?"

"एकातली गडबड दुसऱ्यात जाऊ नये म्हणून," मी ऐटीत.

"म्हंजे धानाच्या वावरात मातीचे धुरे घालून बांध्या पाडल्या. मंग पाणी तुंबलं एका बांधीत, अन् तुमी दुसरीच उपसून राहिले का?"

मी घाईनं टेम्प उघडलं, तर सकाळपासून स्कॅन केलेले साऱ्या गावाचे कागद तिथंच साचलेले. राजा उगाच मेला हो!

टेम्प साफ केलं. मग काय, धडाधड स्कॅन! पाचला चार मिनिटं असताना अर्ज स्वीकारला गेला. निशानं आईला मिठी मारली. माझा तर आनंद पोटात मावेना. दुकानातल्या सगळ्यांना मी व्याख्यानच ठोकलं, "तात्पुरती जागा भरू द्यायचीच नाही. काम झालं की साफ!" आणि सर्वांदेखत टेम्प पुन्हा लख्ख करून दाखवलं.

"बेस झालं," मावशी म्हणाल्या. "पण पावती कुठी हाय, भाऊ?"

पावती? ती तर मी आत्ताच उतरवून ठेवली होती... टेम्पमध्ये!

मावशी लेकीकडे वळल्या. "अर्ज तं गेला ना, निशा? मंग पावती तू आपल्या मोबाइलवर काढ. भाऊले आता कशालेच हात लावू देऊ नको!"